लेथवरचे पाच ठिपके

आषाढातल्या एका मंगळवारी सकाळी सात वाजता हे शेडमध्ये गेले. पावणेआठला मी चहा घेऊन गेले. हे स्टुलावर बसले होते. डोकं लेथवर टेकलं होतं. हातात स्क्रेपर होता. मी कप खिडकीत ठेवला आणि हाक मारली. मग खांद्याला हात लावला. साडेआठला डॉक्टर आले. त्यांनी कागद लिहून दिला.

हे म्हणजे माझे यजमान. बेचाळीस वर्षांच्या संसारात मी त्यांचं नाव तोंडानं घेतलं नाही. आता लिहायला बसले आहे तर पेनानंही घेववत नाही. तेव्हा ‘हे’ असंच राहू द्या.

हे वाळूजला एका कारखान्याच्या टूलरूममध्ये टर्नर होते आणि मी शहरातल्या एका कॉलेजात ग्रंथपाल होते. त्यांचं गाव कन्नडकडचं, घरी शेती आणि बैल. माझ्या माहेरी पोथ्या आणि कारकुनी. लग्न ठरलं तेव्हा माझ्या वडिलांनी त्यांना विचारलं होतं, “वाचनाची आवड आहे का?” हे म्हणाले, “ड्रॉइंग वाचतो.” वडिलांना ते उत्तर उर्मट वाटलं होतं. मला ते खरं वाटलं. पुढं रिटायर होईपर्यंत पहिल्या पाळीच्या बसनं हे जायचे, चारला परत यायचे, आंघोळ करायचे, आणि तरीही नखांच्या कडेला काळी रेघ राहायचीच. मी आधी ब्रश आणून दिला, मग नाद सोडला.

लेथ म्हणजे लोखंड कातायचं यंत्र. मला समजावं म्हणून हे म्हणायचे, “कुंभाराचं चाक आडवं पाडलं की झाला लेथ.” तुकडा एका टोकाला चकमध्ये घट्ट धरायचा, तो गरागरा फिरतो, आणि पोलादी हत्यार त्याच्या अंगावरून चालवलं की लोखंडाची साल निघते. ते हत्यार ज्या गाड्यावर बसतं तो कॅरेज. कॅरेज ज्या दोन लांब रुळांवरून पुढं-मागं सरकतो तो बेड. बेड सरळ असेल तर काम सरळ. लेथची सगळी अब्रू बेडमध्ये असते. हे वाक्य त्यांचंच.

रिटायर झाल्यावर सहाव्या महिन्यात त्यांना तो लेथ दिसला. कन्नडच्या रस्त्यावर एक बंद पडलेलं कापसाचं जिनिंग आहे, तिथं लिंबाच्या झाडाखाली तो पडला होता. पोलीस ॲक्शनच्या आधी, निजामाच्या राज्यात कधीतरी, जहाजातून आलेला असावा. अंगावर ओतीव इंग्रजी अक्षरं होती, त्यांतली निम्मी गंजानं खाल्लेली. चकमध्ये साळुंकीनं काड्या भरल्या होत्या. जिनिंगचा राखणदार म्हणाला, “न्या साहेब, आमच्या कोंबड्या बसतात त्याच्यावर.” हे घरी आले आणि मला सांगितलं, ते एखाद्या मुलीचं स्थळ पाहून आल्यासारखं. “वय झालंय. पण हाडं लई मजबूत आहेत, मॅडम.” मला हे मॅडम म्हणायचे. कॉलेजात सगळे म्हणायचे, तेच त्यांनी उचललं होतं.

टेम्पोतून लेथ उतरवायला सहा माणसं लागली. शेजारचे निवृत्त तहसीलदार फाटकाशी उभे राहून बघत होते.

“काय हो, रणगाडा घेतला का?”

“व्हय,” हे म्हणाले. “तुमचा कुत्रा रात्रभर भुंकतो ना, त्याच्यासाठी.”

मागच्या अंगणात पत्र्याची शेड होती. तिच्यात लेथ बसला आणि आमच्या घरातल्या लोणच्याच्या सगळ्या रिकाम्या बरण्या हळूहळू तिकडं गेल्या. एकीत बोल्ट, एकीत वॉशर, एकीत ज्यांचं काय करायचं ते ठरलेलं नाही असे तुकडे. हे एकेक भाग सुटा करायचे, रॉकेलमध्ये भिजवायचे, ब्रशनं घासायचे, आणि त्याचं माप लिहून ठेवायचे. लिहायला कागद माझाच. कॉलेजात संगणक आल्यावर वाचनालयाची तालिकापत्रं, म्हणजे प्रत्येक पुस्तकाची नोंद असलेली ती जाड कार्डं, रद्दीत निघाली होती. मला ती टाकवली नाहीत. मी चार खोके घरी आणले होते. त्यांच्या कोऱ्या पाठीवर हे पेन्सिलीनं लिहायचे. एका बाजूला शेतीच्या पुस्तकाची नोंद, दुसऱ्या बाजूला ‘डावी दातेरी, चार दात झिजले, नवीन करणे’. ओळी सरळ, अक्षर टपोरं, आणि खाडाखोड कधीच नाही. मी आयुष्यभर नोंदी केल्या, पण इतकी स्वच्छ कार्डं माझ्या हाताखाली कुणी केली नव्हती.

खरं काम बेडचं होतं. हे मला एकदा शेडमध्ये घेऊन गेले. एक सरळ पोलादी पट्टी त्यांनी बेडवर उभी ठेवली आणि तिच्याखाली कागदाची चिंचोळी फीत सरकवली. बेडच्या शेवटच्या टोकाला फीत अडकली, ओढून निघेना. चकच्या जवळ मात्र ती सहज निसटून आली.

“बघा,” हे म्हणाले, “सगळं काम इथंच होतं, चकपाशी. म्हणून इथंच झीज. साठ-सत्तर वर्षं माणसं इथंच उभी राहिली.”

वाळूजला मोठ्या ग्राइंडिंग मशीनवर बेड नेला असता तर एका दिवसात सरळ झाला असता. पुण्याहून फोनवर मुलानं हेच सुचवलं. हे म्हणाले, “मान्य. मशीन मशीनला सरळ करतं. पण पहिलं मशीन कुणी सरळ केलं? हातानंच केलं ना कुणीतरी? मला तो हात बघायचाय.”

मग दोन वर्षं मी तो हात बघितला. पोलादी पट्टीला निळा रंग लावायचा, अगदी पुसट. ती बेडवर ठेवून किंचित हलवायची. बेडवरचे जे उंचवटे असतात तेवढ्यांवर निळं बसतं. मग स्क्रेपरनं, म्हणजे जुन्या कानशीला धार लावून केलेल्या पटाशीनं, तेवढेच निळे ठिपके खरवडायचे. एका फटकाऱ्यात बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची, जी भुकटी निघते ती मैद्याहून बारीक. पुसायचं, पुन्हा रंग, पुन्हा पट्टी, पुन्हा ठिपके. पहिल्यांदा हातभर अंतरावर दोनच ठिपके उमटतात. शेकडो फेऱ्या झाल्या की ठिपके वाढत जातात, बारीक होत जातात, आणि शेवटी सगळ्या बेडवर सारख्या पसरलेल्या निळ्या चांदण्या दिसतात. मी पायरीवर पुस्तक घेऊन बसायचे.

“मॅडम, आज किती पानं?”

“चाळीस. तुमचं?”

“एक वीत. तीबी उद्या पुन्हा वाचावी लागणार.”

मी कधी कुठल्या कामाचा एवढा आदर केला नाही. माझ्या कामात चूक दुरुस्त करता येते, कार्ड नवं लिहिता येतं. त्यांनी जे खरवडलं ते परत येणार नव्हतं. त्यामुळं प्रत्येक फटकाऱ्याआधी हे क्षणभर थांबायचे. तो थांबा मला आवडायचा. स्क्रेपरच्या खुणा बेडवर राहिल्या होत्या, चंद्रकोरीसारख्या, एकीवर एक तिरक्या. उन्हाची तिरीप आली की पूर्ण बेड माशाच्या अंगासारखा दिसायचा.

जेठ संपता संपता हे म्हणाले, “बेड झाला.” कॅरेजची खालची बाजू त्या बेडला जुळवायची राहिली होती, मग सगळे भाग जोडायचे होते. आषाढात ते गेले.

तेराव्यानंतर मुलगा म्हणाला, “आई, तू पुण्याला चल.” मी नाही म्हणाले. मग म्हणाला, “निदान मागची शेड रिकामी करू. खोली काढून भाडेकरू ठेवू, सोबत होईल तुला. भंगारवाल्याशी बोलतो.”

“तो लेथ आहे,” मी म्हटलं.

“आई, तो लेथ नाहीये. सुट्या भागांचा ढीग आहे. बाबा असते तर झाला असता लेथ.”

त्याचं चुकत नव्हतं. शेडमध्ये खरंच बरण्या, खोकी आणि फडक्यात गुंडाळलेले तुकडे होते. पण तो बेड वजनावर जाणार, कुठल्या तरी भट्टीत वितळणार, आणि दोन वर्षांच्या त्या सगळ्या चंद्रकोरी कुणी न वाचता जाणार, हे मला सहन होईना. मी म्हटलं, “दिवाळीपर्यंत थांब. दिवाळीला तू येशील तेव्हा हा चालू दिसला तर राहील. नाही दिसला तर तू म्हणशील तसं.”

त्यानं विचारलं, “चालू कोण करणार?”

मी कार्डांचे खोके उघडले. सगळी कार्डं वाचून काढली, दोन्ही बाजूंनी. तिसऱ्या खोक्यात शेवटून चौथ्या कार्डावर होतं, ‘कॅरेजचं पोट. उस्तादांना विचारल्याशिवाय हात लावणे नाही.’

उस्ताद म्हणजे ज्यांच्याकडे हे पहिल्यांदा काम शिकले ते. शहागंजच्या मागच्या एका गल्लीत त्यांचा छोटा वर्कशॉप होता. मी त्यांना लग्नात एकदा आणि नंतर ईदला दोन-चारदा पाहिलेलं. रिक्षा करून गेले. दुकान आता मोबाईल दुरुस्तीचं झालं होतं, वरच्या मजल्यावर उस्ताद राहत होते. ऐंशीच्या पुढचे, पांढरी दाढी मेंदीनं रंगवलेली. मला बघून त्यांनी माझ्या मागं जिन्याकडे पाहिलं.

“अकेले आए, भाभी? वो कायकू नहीं आया?”

मी सांगितलं. ते पलंगावर बसले. बराच वेळ त्यांनी तसबी, म्हणजे जपमाळ, फिरवली. मग त्यांनी जे विचारलं ते मला अजून लक्षात आहे.

“बेड झाला का त्याचा?”

“झाला म्हणाले होते.”

“म्हणाला होता, म्हणजे झाला.”

मी माझं गाऱ्हाणं सांगितलं, दिवाळीचं, भंगाराचं. उस्तादांनी आपले दोन्ही डोळे बोटानं दाखवले. “एक में मोतियाबिंद का ऑपरेशन बिगडा. दुसऱ्यात धुकं. हात आहे भाभी, नजर नाय. निळं दिसल्याशिवाय काय खरवडू?”

“मला दिसतं,” मी म्हटलं. “चाळीस वर्षं बारीक टाइपच वाचलाय.”

ते हसले. दात फार उरले नव्हते. “चलो फिर. तुमची नजर, माझा हात. त्यानं बघितलं असतं तर हसून मेला...” आणि वाक्य अर्धंच सोडून त्यांनी टोपी नीट केली.

श्रावणापासून उस्ताद येऊ लागले. शुक्रवार सोडून रोज दहाला शेअर रिक्षानं यायचे, दुपारच्या नमाजाआधी जायचे. आल्यावर पहिलं काम एकच. बेडजवळ उभं राहून तळहात चकच्या टोकापासून शेवटापर्यंत सावकाश फिरवायचा. पहिल्या दिवशी त्यांनी तो हात तीनदा फिरवला.

“कोणी शिकवलं याला?” ते म्हणाले.

“तुम्ही.”

“मी एवढं नव्हतं शिकवलं.” मग एका जागी बोट ठेवून, “उजवीकडे झुकतो याचा हात. खांदा दुखत होता?”

दुखत होता. शेवटचं वर्षभर दुखत होता. मला सांगितलं नव्हतं, पण मी बाम घासताना पाहिलं होतं. उस्तादांना ते बिडावरून कळलं.

कॅरेज जड. यांनी छताच्या अँगलला साखळीची कप्पी टांगून ठेवली होती, तिनं तो मी वर उचलायचे आणि उलटा करायचे. बेडला निळं लावायचं, कॅरेज त्यावर ठेवून पुढं-मागं सरकवायचा, उचलायचा, उलटा करायचा, आणि त्याच्या पोटावर उमटलेले ठिपके मी वाचून दाखवायचे. “पुढच्या कडेपासून दोन बोटं, तीन ठिपके. मधला गडद.” उस्ताद बोटानं जागा शोधायचे, स्क्रेपर टेकवायचे आणि खरवडायचे. आठवडाभर असं केलं आणि ठिपके वाढायच्या ऐवजी कमी झाले.

उस्तादांनी स्क्रेपर खाली ठेवला. “भाभी, तुम्ही मला काय सांगताय?”

“गडद निळा कुठं आहे ते.”

“अरे बाप रे. गडद म्हणजे तिथं रंग साचलाय. सगळ्यात उंच जागा घासली जाते, तिचं निळं बाजूला सरकतं. मधे चमक, भोवती निळं कडं. ते बघा. कडं असलेला ठिपका.”

मी चष्मा पुसून वाकले. खरोखरच प्रत्येक ठिपका वेगळा होता. काही नुसते डाग होते आणि काहींना अगदी नाजूक निळं कडं, आत रुपेरी टिकली. आठवडाभर मी त्या नजरेआड करून शेजारचे डागच दाखवत होते.

“इतकी पुस्तकं वाचून आमची मॅडम नापास,” उस्ताद म्हणाले. मॅडम हा शब्द त्यांना कुठून कळला हे मी विचारलं नाही.

त्यानंतर काम पुढं सरकलं. श्रावण गेला, भादवा गेला. मी वाचायला शिकले. उस्ताद नुसत्या मनगटातून नाही, कंबरेतून स्क्रेपर ढकलायचे. ऐंशी वर्षांचं अंग झुलल्यासारखं पुढं जायचं आणि नेमक्या टिकलीवर थांबायचं. त्यांना जागा दिसत नव्हती, तरी माझ्या सांगण्यात केसभर चूक असली तर हात अडायचा. “नाय, इथं नाय, अजून बोलो.” घटस्थापनेच्या आदल्या दिवशी कॅरेजच्या पोटावर एका सुरात चांदण्या उमटल्या. उस्तादांनी कॅरेज बेडवर ठेवला आणि एका बोटानं ढकलला. तो गेला. आवाज नाही, अडखळ नाही. मी उगाच पदरानं कपाळ पुसलं.

“आता हेडस्टॉक बसवायचा, मोटर, पट्टा. दसऱ्यानंतर,” उस्ताद म्हणाले. हेडस्टॉक म्हणजे चक ज्याच्यावर बसतो आणि फिरतो ती लेथच्या डोक्याकडची पेटी. कॅरेज त्यांनी पुन्हा साखळीनं वर टांगायला लावला. “बेडवर तेल ठेवा, वर फडकं. हात नको कुणाचा.”

आमच्याकडे खंडेनवमीला हत्यारांची पूजा असते. हे कारखान्यात असताना त्यांची पूजा तिकडंच व्हायची, घरी प्रसादाचा पेढा आणि खिशात झेंडूचं फूल यायचं. मी घरी पुस्तकं मांडायचे. पहिल्या पानावर हळदी-कुंकवाचं बोट. माझ्या कपाटातल्या कितीतरी पुस्तकांच्या पहिल्या पानावर ती बोटं अजून आहेत. लेथ घरी आल्यावर दोन दसरे गेले, पण तेव्हा तो सुट्या तुकड्यांत होता. हे म्हणायचे, “पूर्ण झाला की करू. अर्ध्याची पूजा नको.”

त्या वर्षी आमच्याकडे सण नव्हता. गावाहून जाऊबाई आल्या होत्या तेव्हा त्यांनी देवघरातला हळदी-कुंकवाचा करंडा उचलून कपाटावर ठेवून दिला होता. वाईट हेतूनं नाही. तशी रीतच. नवमीला सकाळी मी स्टूल घेतलं आणि तो करंडा खाली काढला. घरात सण केला नाही. शेडमध्ये गेले.

बेडवरचं फडकं काढलं. तेलानं बेड चमकत होता. तेलावर कुंकू बसेना, घसरून खाली ओघळायला लागलं. मला ते बरं दिसेना. देवाची मूर्ती आपण आधी स्वच्छ करतो, मग पूजा करतो. मी रॉकेलचं फडकं घेऊन सगळा बेड पुसला, टोकापासून टोकापर्यंत, दोन्ही रूळ. मग कोरड्या कापडानं पुसला. दोन वर्षांत मी त्या बेडला प्रथमच नुसत्या हातानं स्पर्श केला. मग वाटीत पाणी घेऊन हळद-कुंकू कालवलं आणि चक बसतो त्या टोकाजवळ, जिथं सर्वांत जास्त झीज होती आणि जिथं यांनी सर्वांत जास्त काम केलं होतं, तिथं पाच बोटं उठवली. झेंडूचा ओला हार बेडवर आडवा ठेवला. नमस्कार केला. दुपारी भुरभुर पाऊस आला. दसऱ्याला दिवसभर ढग होते. फुलं कशाला हलवायची म्हणून मी शेड उघडली नाही.

तिसऱ्या दिवशी उघडली तेव्हा बेड तपकिरी होता. सगळ्या बेडवर पातळ, विटकरी साय आली होती. हाराखाली पाकळ्यांचे आकार होते. आणि पाच बोटांच्या जागी पाच काळपट लाल ठिपके, त्यांच्या कडा फुगलेल्या. मी हार उचलला. पाकळ्या चिकटल्या होत्या, त्या नखानं काढल्या. मग तिथंच स्टुलावर बसून राहिले. दिवाळीला अठरा दिवस होते.

उस्तादांना दिसलं नसतं. हा विचार माझ्या मनात आला, लपवत नाही. दहाला ते आले, नेहमीसारखा हात फिरवायला वाकले, आणि हात पहिल्या वितीतच थांबला. बोटांनी एकेक ठिपका चाचपला. मोजल्यासारखे. पाच.

“भाभी, हे काय?”

मी सगळं सांगितलं. तेल का पुसलं तेही.

“चाळीस दसरे बघितले मशीनींवर,” उस्ताद म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. “कुंकू लावतात हेडस्टॉकवर, रंगावर. हार चकच्या वर. लिंबू ठेवतात, नारळ फोडतात. पण बेड कोरडा करून त्याच्यावर पाणी? कच्च्या पोरालाही माहीत असतं.”

ते उठले. चहा न घेता गेले. फाटकापर्यंत मी मागं गेले, पण त्यांनी वळून पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी दहाला मी शेडमध्ये नव्हते. जायचा धीर नव्हता. कडी वाजली. उस्ताद आले होते, खिशात रुमालात बांधलेला बारीक धारेचा दगड. सरळ शेडमध्ये गेले, बेडवर तेल ओतलं आणि दगड फिरवायला लागले, इतका हलका की त्याचा आवाजही येत नव्हता. साय निघत गेली. खालच्या चंद्रकोरी जशाच्या तशा होत्या. दोन दिवसांनी बेड पुन्हा रुपेरी झाला. पाच ठिपके राहिले.

“हे खोल गेले,” उस्ताद म्हणाले. त्यांनी माझं बोट धरून एका ठिपक्यावर ठेवलं. नखाला किंचित खळगा लागला. “काढायचे तर निघतील. पण त्यासाठी सगळा बेड एवढा खाली उतरवावा लागेल. टोकापासून टोकापर्यंत. पुन्हा स्क्रेपिंग. मी करीन, सहा महिने लागू दे. दिवाळीचं तुम्ही बघा.”

“आणि नाही काढले तर?”

“मशीनला काय? खळगा मशीनला चालतो. उंचवटा चालत नाय. कॅरेज वरून जाईल, त्याला कळणारबी नाय.” मग ठिपक्यावरून अंगठा फिरवून, “पण दिसेल. बघणाऱ्याला दिसेल की बेडवर डाग आहेत. कुणी म्हणेल, काम करणाऱ्याचा हात गचाळ होता. आणि काढले तर त्याचा हातच जाईल सगळा. माझा हात येईल तिथं.”

मी त्या बेडकडे बघितलं. उजवीकडे झुकलेल्या त्या कोरी. ज्या दिवशी खांदा जास्त दुखत असेल त्या दिवशीच्या आखूड, बऱ्या दिवसाच्या लांब. कुठं काय आहे हे मला आता वाचता येत होतं.

“राहू द्या,” मी म्हटलं. “म्हणू दे कुणी काही.”

“हौ,” उस्ताद म्हणाले. “मलाबी तेच वाटत होतं. पण तुमचं काम, तुमच्या तोंडून यायला पाहिजे.”

दिवाळी करायची नव्हती, पण मुलाला सुट्टी होती. तो आला तेव्हा लेथ उभा होता. हेडस्टॉक, चक, कॅरेज, मागं मोटर, तिच्यावर चामड्याचा पट्टा. उस्ताद स्टुलावर. मुलानं त्यांच्या पायाला हात लावला आणि लेथभोवती एक फेरी मारली.

उस्तादांनी लोखंडाची एक जाड सळई चकमध्ये धरली. तिच्या दोन्ही टोकांशी एकेक कडं ठेवलं होतं, मधला भाग आधीच बारीक केलेला. कॅरेज एकाच चालीत दोन्ही कड्यांवरून न्यायचा आणि मग दोन्हींची जाडी मोजायची. बेड सरळ आणि यंत्र न पिळता बसलेलं असेल तर दोन्ही सारखी भरतात. मोटर सुरू झाली. पट्ट्याचा फटफट आवाज, मग एकसारखी घुम्म. हत्यार कड्याला लागलं आणि लोखंडाची लांब कुरळी साल निघायला लागली. निळसर, गरम, मुरडत खाली पडणारी.

मायक्रोमीटर मुलाच्या हातात दिला. त्यानं दोन्ही कडी मोजली, पुन्हा मोजली.

“काका, फरक एका मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा आहे.”

“म्हणजे आहे.”

“पण हे तर काहीच...”

“तुझा बाप असता तर काहीच म्हणाला असता का?”

उस्तादांनी माझ्याकडे कार्डं मागितली. लेथच्या पायाखाली सारायच्या पितळेच्या पातळ पट्ट्या यांनी आधीच कापून ठेवल्या होत्या, प्रत्येक एका कार्डात गुंडाळलेली, वर जाडी लिहिलेली. मी वाचत गेले, उस्ताद मान हलवत गेले, एकावर थांबले. मुलानं पहारीनं लेथचा मागचा पाय किंचित उचलला, पट्टी खाली गेली. पुन्हा चाल, पुन्हा माप. फरक कमी झाला, गेला नाही. दुसरी पट्टी. तिसऱ्या वेळी मुलानं मायक्रोमीटर वाचला, पुसला, आणि माझ्याकडे दिला. “आई, तू वाच.”

मी वाचला. पहिलं कडं. मग दुसरं. दोन्ही एकच.

उस्तादांनी मोटर बंद केली. चक हळूहळू थांबला. त्यांनी बेडवर हात फिरवला, शेवटपर्यंत, पाच ठिपक्यांपाशी न थांबता.

मुलगा त्या ठिपक्यांकडे बघत होता. “हे काय आहे?”

“मी केलं,” मी म्हटलं.

त्यानं खिडकीतलं फडकं उचलून बेडवरची साल एका कडेला लोटली आणि म्हणाला, “याला तेल कुठलं लागतं?”

त्याला आता चार वर्षं झाली. उस्ताद गेल्या हिवाळ्यात गेले. मी पुण्याला गेले नाही. शेडला नवे पत्रे घातले. रविवारी सकाळी मी मोटर पाच मिनिटं चालवते, बंद करते आणि बेडला तेल लावते. खंडेनवमीला कुंकू हेडस्टॉकच्या रंगावर लावते. ते दोन कड्यांचं लोखंड कार्डांच्या खोक्यात आहे. बेडवर, चकपासून एका वितीवर, पाच ठिपके आहेत. त्यांत तेल राहतं.